बाहेरून कुलूप, आत मी

आधी चहा घ्या, मग सांगते. आणि मधेच हसायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते. हा किस्सा निघाला की आमचं गाव पोट धरून हसतं, पण माझ्या छातीत अजून धडधडतं. स्वतःच्याच घराला बाहेरून कुलूप घालून आत बसलेली बाई पाहिलीय का तुम्ही कधी? नाही ना? मग बघून घ्या. तुमच्या समोरच बसलीय.

याचं मूळ सांगलीत आहे.

आमच्या बचत गटाच्या बायकांना सांगलीला एका शिबिराला नेलं होतं. विषय होता ‘वेळेचं नियोजन’. आता मला त्याची गरज होती, हे मी नाकबूल करत नाही. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात मी घरच्या घरी कांदा-लसूण मसाला करते. मसाला चांगला होतो, गिऱ्हाईक बांधलेलं आहे, फक्त ठरल्या दिवशी तो कधी तयार होत नाही. सांगलीचा दुकानदार म्हणतो, “वैशालीताई, तुमचा मसाला जिभेवर रेंगाळतो ते ठीक, पण तुमच्या घरातच किती रेंगाळतो!”

शिबिराच्या मॅडम फार हुशार. “डोळे मिटा,” म्हणाल्या, “आणि तुमचा वेळ कोण खातं, त्या माणसाला डोळ्यांसमोर आणा.” मी डोळे मिटले मात्र, शालन काकी हातात वाटी घेऊन हजर!

शालन काकी म्हणजे आमची शेजारीण. भिंतीला भिंत लागून घर. सकाळी वाटी घेऊन विरजण मागायला येते, ती ताक घुसळायच्या वेळेला उठते. मधल्या वेळात कुणाची म्हैस आटली, कुणाची सून रुसली, कुणाच्या उसाला तोड आली, सगळं ऐकून घ्यायचं. मनानं सोनं आहे हो बाई. पण रोज सकाळी ते सोनं असं समोर मांडी घालून बसलं, तर कांदे कोण चिरणार?

“तुमच्या वेळेला कुंपण घाला,” मॅडम म्हणाल्या. “सकाळचा वेळ फक्त महत्त्वाच्या कामाचा. फोन बंद. दार बंद. आणि लक्षात ठेवा, जे जे तातडीचं वाटतं, ते सगळंच महत्त्वाचं नसतं.”

मला ते इतकं पटलं म्हणून सांगू! परतीच्या एसटीत कंडक्टरलासुद्धा मी ते ऐकवलं. तो म्हणाला, “ताई, सुट्टे हायत का?” जाऊ द्या. ज्याचं त्याला कळतं.

आता घरची परिस्थिती सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आमचे हे फौजेत हवालदार. लेक साताऱ्याला होस्टेलवर, तिची परीक्षा चाललेली. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, लोणंदला नणंदेकडे चार दिवस गेलेल्या. घरात मी एकटी.

आणि फौजीच्या घरातल्या एकट्या बाईला कशाची भीती असते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्या गावात घराआड एक माणूस फौजेत. अवेळी कुणाचा फोन वाजला, की सगळ्या गल्लीच्या तव्यावरच्या भाकरी करपतात. मी तर ह्यांचा फोन आला की आधी ‘हॅलो’ नुसतं ऐकते. आवाज ह्यांचाच आहे ना, एवढी खात्री झाली की मग बोलते. इतक्या वर्षांत ती भीती कमी झालेली नाही. माळ्यावरच्या ट्रंकेसारखी ती घरातच असते, फक्त रोज तिच्याकडे बघायचं नसतं.

पण त्या आठवड्यात ह्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. “आठवडाभर वरती चौकीवर जातोय. रेंज नसणार. फोन येणार न्हाई, काळजी करू नको.” मग काय! मी हिशेब केला. ह्यांचा फोन येणार नाही. आत्ती नणंदेकडे सुखात. लेक परीक्षेत. फोन बंद ठेवायला याहून चांगला मुहूर्त कुठला?

राहता राहिली काकी. तिला नुसतं दार लावून भागत नाही. ती खिडकीतून हात घालून कडी काढते आणि वर म्हणते, “अगं, कडी घट्ट झालीया, तेल सोड जरा.” म्हणून मी डोकं चालवलं. देवानं ते त्या दिवशी चालू दिलं नसतं, तर बरं झालं असतं.

सकाळी आवरलं आणि पुढच्या दाराला बाहेरून कुलूप ठोकलं. बोळातून मागं गेले, परसदारातून आत शिरले, आतून कडी लावली. म्हणजे बघणाऱ्याला काय दिसणार? पुढं कुलूप, मागचं दार आतून बंद. बाई गावाला गेली! फोन बंद केला आणि मॅडम म्हणाल्या तसा ‘नजरेआड’ ठेवला, गव्हाच्या पिंपात, पार खोल. मग मागच्या खोलीत कांद्याची पोती ओढली, वास डोक्यात चढू नये म्हणून तोंडाला आणि कानांना स्कार्फ गुंडाळला आणि खिडकीतला मोठा पंखा लावला. तो पंखा बाबा आदमच्या काळातला. चालू झाला की शेजारी ट्रॅक्टर उभा केल्यासारखं वाटतं.

आणि काय सांगू, काय काम झालं! कोणी हाक मारत नाही, कोणी वाटी पुढं करत नाही. डोळ्यांतून नुसत्या धारा, आणि समोर चिरलेल्या कांद्याचा ढीग. मी मनातल्या मनात मॅडमच्या पाया पडत होते.

इकडं आत मी सुखात, आणि तिकडं बाहेर काय चाललं होतं? ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला ओळीनं सांगते.

काकी वाटी घेऊन आली. दाराला कुलूप! तिला न सांगता मी कधी गिरणीतसुद्धा जात नाही. ती अजून दारातच उभी, तर तिचा फोन वाजला. फोन ह्यांचा!

“काकी, वैशाली कुठं हाय? फोन बंद लागतोय तिचा.”

“आरं संपत, तुजा फोन येणार न्हवता न्हवं? हितं तर दाराला कुलूप हाय!”

“तिला लगीच निरोप द्या काकी. सांगा, मला...”

आणि फोन कट!

‘मला’ काय? काकीनं परत लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना. आता ज्या माणसाचा आठवडाभर फोन येणार नव्हता, त्याचा फोन येतो, ‘लगीच’ म्हणतो आणि ‘मला’वर तुटतो. पुढचं वाक्य फौजी गावात कसं पुरं करतात? काकीच्या हातातली वाटी तिथंच पडली.

ती धावली तात्यांकडे. तात्या आमचे चुलत सासरे, सुभेदार म्हणून रिटायर झालेले. गावात फौजेचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्यांचा. तात्या आले, त्यांनी घराला फेरी मारली, मागचं दार ढकललं, हाका मारल्या. मी आत पंख्याच्या घरघरीत, कानाला स्कार्फ. मला काय ऐकू येणार!

“पंखा चालूच हाय,” तात्या म्हणाले.

“पंखा बी बंद केला न्हाई पोरीनं!” काकी रडायलाच लागली. “किती घाईनं गेली आसंल! मला सांगितलं बी न्हाई!”

“फोन बंद. घराला कुलूप. पंखा चालू,” तात्यांनी बोटांवर मोजलं. “तिला वरनं आधीच कळलंय. साताऱ्याला पळाली आसंल फौजेच्या हापिसात.”

झालं! माझ्या पंख्यानंच माझ्या नवऱ्याविरुद्ध साक्ष दिली. हा हा म्हणता गल्लीत बातमी पसरली. बातमी म्हणजे काय, तर बातमी कुणालाच माहीत नव्हती, एवढीच बातमी. पण आमच्याकडे रीत आहे. असं काही कळलं की तोंडानं कोणी बोलत नाही. माणसं येतात आणि अंगणात गप बसतात. शेजारच्या बायका चूल विझवतात. लांबच्या नातेवाइकांना फोन जातो, “काय इचारू नका, निघून या.” तात्यांनी आत्तींना लोणंदला तसाच फोन केला.

आणि मी? मी शेवटचा कांदा चिरला, पंखा बंद केला, स्कार्फ सोडला. अंग मोडून आलं होतं, पण मन कसं हलकं! म्हटलं, आता पुढचं कुलूप काढावं आणि काकीला स्वतःहून चहाला बोलवावं. डोळे टोमॅटोसारखे लाल, गालांवर पाणी. परसदार उघडून मी बोळातून पुढं निघाले, चक्क गुणगुणत.

बोळाच्या तोंडाशी आले, आणि तिथंच थांबले.

आधी चपला दिसल्या. आमच्या अंगणाच्या कडेला चपलाच चपला. मग माणसं. कट्ट्यावर, पायरीवर, खाली मातीत, खाली मान घालून बसलेली. अख्खी गल्ली माझ्या दारात आणि आवाज कुणाचा नाही. आमच्या गावात चार माणसं जमली की भांडण नाहीतर राजकारण, काहीतरी चालू असतंच. एवढी माणसं आणि एवढी शांतता याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. तो मी याआधी दुसऱ्यांच्या अंगणात पाहिलेला होता.

तात्या मधोमध उभे. अंगात तो कोट. तो कोट ते पंधरा ऑगस्टला घालतात आणि तिरंग्यातून कोणी गावात आला की घालतात. आणि त्या दिवशी पंधरा ऑगस्ट नव्हता.

मी बोळाची भिंत धरली. अजून कुणी मला पाहिलं नव्हतं. कट्ट्यावरच्या दोन बायका हळू बोलत होत्या, तेवढंच ऐकू आलं.

“पोरीला कळवलं का?”

“नगं बाई. परीक्षा हाय तिची. होऊ दे आधी.”

झालं. मला आणखी काही ऐकायचं राहिलं नाही. कानांत नुसता तो पंखा परत सुरू झाला, घरघर, घरघर. डोळ्यांसमोर हे. मागच्या सुट्टीत जाताना उंबऱ्यातून परत फिरले होते, चार्जर विसरला म्हणून. आणि मी वैतागून म्हणाले होते, “लवकर जावा आता, मला कांदे चिरायचेत.” तेवढंच आठवत होतं. कांदे चिरायचेत! बोलायला दुसरं काही मिळालं नव्हतं का मला?

माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही. सगळ्या माना वर झाल्या. आणि समोर काय? लाल डोळे, ओले गाल, विस्कटलेले केस, भिंतीला टेकलेली मी!

“तिला कळलंय गं बाई!” काकीनं हंबरडा फोडला आणि येऊन माझ्या गळ्यात पडली. “आतच कोंडून घेऊन रडत बसली हुतीस व्हय गं माजी बाय! एकटीच!”

तिच्या रडण्यानं माझी उरलीसुरली आशा गेली. माझ्या रडण्यानं तिची गेली. आमचं बघून बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पुरुषांनी टॉवेल. बघा हं, कुणालाही काहीही माहीत नाही! मी रडतेय कारण त्यांना कळलंय, आणि ते रडताहेत कारण मला कळलंय!

तात्या पुढं आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. “पोरी, धीर धर. फौजीची बायको हायस तू.”

हे वाक्य मी किती बायकांना म्हटलेलं ऐकलंय! ते माझ्यासाठी कधी म्हटलं जाईल, हा विचार मी आयुष्यभर पुढं ढकलत आले होते. कसाबसा आवाज काढला.

“तात्या... कवा कळलं?”

“मगाशीच. शालनला फोन आला.”

“कुणाचा? सायबांचा?”

“न्हाई. संपतचाच आला हुता.”

मी हुंदका दिला. मग तो हुंदका मधेच अडकला. डोळे पुसले. तात्यांकडे बघितलं, काकीकडे बघितलं.

“ह्यांचा? ह्यांनी स्वतः फोन केला?”

“व्हय की.”

“ह्यांनी स्वतः फोन करून सांगितलं की... हे गेले?”

कट्ट्यावरचा एकजण डोकं खाजवायला लागला. तात्यांनी कोटाची गुंडी चाचपली.

“तसं न्हाई म्हणाला तो,” तात्या म्हणाले. “नुसतं ‘मला’ म्हणाला आणि कट झाला. म्हणून तर आमी... पण तुला काय कळलं? तुला कुणी सांगितलं?”

“मला कोण सांगणार? फोन बंद हाय माझा.”

“मग रडत का हुतीस?”

“मी कांदा चिरत हुते!”

आता तुम्हाला वाटेल, इथं सगळे हसले. नाही हो! कोणी हसलं नाही. कारण ‘मला’ तसंच लोंबकळत होतं ना! मला काय? लागलंय? दवाखान्यात नेलंय? मघाशी तरी सगळं संपलंय म्हणून रडत होते. आता काय झालंय तेच माहीत नाही. आणि खरं सांगू? ही भीती त्याहून वाईट. मेलेल्या आशेला गप बसवता येतं, जिवंत आशा काळजावर नाचते.

“फोन कुठाय तुजा?” काकी ओरडली.

“गव्हाच्या पिंपात!”

“कशाला?”

“मॅडम म्हणाल्या!”

किल्ली माझ्या पदराच्या गाठीत. घाईत ती गाठ काही सुटेना. तात्यांनी ती सोडली. कुलूप निघालं आणि अख्खी गल्ली माझ्या स्वयंपाकघरात! मी खांद्यापर्यंत हात पिंपात घातला. फोन सापडेना! मी तो इतका मनापासून पुरला होता. शेवटी काकीनं पिंपच आडवं केलं. गहू फरशीवर पसरले, त्यात तो एकदाचा मिळाला.

फोन बंद करायला किती वेळ लागतो हो? चुटकीसरशी होतो. आणि चालू करायला? आधी कंपनीचं नाव येतं. मग एक गोल फिरतं. मग नुसता काळा पडदा. मग परत ते गोल. सगळी गल्ली श्वास रोखून त्या गोलाकडं बघतेय. त्या वेळेचं नियोजन कुठल्याही मॅडमला जमलं नसतं.

चालू झाला. मी नंबर लावला. “आपण ज्यांना संपर्क करू इच्छिता...” पुढचं ऐकवेना. परत लावला. तेच. काकीनं देव्हाऱ्यापुढं निरांजन लावलं. बाहेर कुणीतरी म्हणालं, “पुन्हा लाव, पुन्हा लाव.”

आणि फोन वाजला!

ह्यांचंच नाव! पण डोळे पुसून पुसून माझा अंगठा ओला. सरकवतेय, सरकवतेय, फोन उचलला जात नाही! रिंग वाजतेय आणि मला उचलता येत नाही. काकीनं पदरानं माझा अंगठा खसाखसा पुसला, तेव्हा कुठं तो लागला. तात्यांनी स्पीकर चालू केला.

“हॅलो! आगं, कुठं हायस तू?”

आवाज ह्यांचाच. रोजची सवय, मी गप राहून नुसतं ऐकत होते. ऐकतच राहिले. मग बोलायला गेले, तर रडूच आलं.

“वैशाली? काय झालं? रडतीस का? आई बरी हाय न्हवं? पोरगी बरी हाय न्हवं?” आता हे घाबरले! “आगं, बोल की!”

तात्यांनी फोन हिसकावला. ताठ उभे राहिले. “संपत! सुभेदार बोलतोय. हातपाय सगळे जाग्यावर हायत का?”

“हायत की, तात्या. का?”

“मग ‘मला’ काय? वाक्य पुरं कर!”

“मला सुट्टी मिळाली! वरती जायचं रद्द झालं. गाडीत बसलोय, मगाशी रेंज गेली. वैशालीला सांगायचं हुतं, येतोय म्हणून. पण तात्या, गावात कुणाला कळू देऊ नका हां. आईला तर आजिबात न्हाई. अचानक येऊन चकित करतो सगळ्यांना.”

माझ्या स्वयंपाकघरातून आणि अंगणातून एकदम आवाज उठला. “न्हाई सांगत!”

पलीकडून हे हळूच म्हणाले, “वैशाली, घरात कोण कोण हाय?”

सगळे हसायला लागले. मी तिथंच गव्हात बसकण मारली. तात्यांनी कोट काढून खुंटीला अडकवला. कुणीतरी विचारलं, “तात्या, कोट कशाला घातला हुता?” तर म्हणाले, “सायबाचा फोन आला आसता तर? बनियनवर बोलायचं का सायबाशी?”

पण आमची हसाहस चालू असताना दारात गाडी थांबली. आत्ती! लोणंदहून पार इथवर ती म्हातारी काय काय मनात आणत आली असेल! एवढी माणसं बघून ती दारातच थबकली. रडली नाही, ओरडली नाही. आली आणि माझं मनगट धरलं. बर्फासारखा हात.

“माजा संपत?”

“सुट्टीवर येतोय, आत्ती. बरं हाय सगळं. चूक माझी झाली.”

ती पायरीवर बसली. पाणी प्याली. मग मी सगळं सांगितलं, कुलूप, पंखा, पिंप, मॅडम, वेळेचं कुंपण. ऐकून तिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की निळं पडलं दोन दिवस. आणि उठली.

“चूल पेटव आधी.”

“आत्ती, ते ऑर्डरचं...”

“चूल पेटव! सगळ्या गल्लीनं चुली इझवल्यात तुज्यापायी. उपाशी हायत माणसं. आपल्या घरातनं कुणी उपाशी उठायचं न्हाई आज. काय चिरलंयस एवढं?”

कांदा, आत्ती. कांदा चिरलाय.

मग काय विचारता! काकीनं भाकऱ्या थापल्या. माझ्या डोळ्यांसमोर सांगलीच्या ऑर्डरच्या कांद्याची भजी झाली, झुणका झाला, उरलेला नुसता तिखट-मीठ लावून ताटात वाढला. ज्या माणसांना अडवायला मी दाराला कुलूप घातलं होतं, ती सगळी माझ्याच घरात मांडी घालून माझी सकाळ खात होती. आणि मी वाढत होते! तेवढ्यात गटाच्या व्हॉट्सॲपवर मॅडमचा मेसेज आला. “ताईंनो, आज किती वेळ वाचवलात? नक्की कळवा!” काकी म्हणाली, “कळव की. म्हणावं, लय चवदार झाला हुता.”

हे आले, राहिले, परत गेले. सांगलीची ऑर्डर उशिरा गेली ती गेलीच.

पण काकीनं त्या दिवसापासून एक नवा नियम केला. सकाळभर भिंतीपलीकडून थोड्या थोड्या वेळानं हाक यायची, “हायस का गं?” आणि मी कितीही घाईत असले तरी ओरडायचं, “हाय!” नाही ओरडलं तर ती तात्यांना फोन करणार, ही धमकी. आधी एकदाच येऊन बसायची, ते बरं होतं म्हणायची पाळी आली! मी रोज चडफडायची.

आणि एक दिवस हाक आलीच नाही.

मी लसूण सोलत बसले होते, शेजारी कांदा चिरून ठेवलेला. म्हटलं, येईल. आली नाही. मग मीच हाक मारली, “काकी! हायस का?” काही नाही. फोन लावला. बंद! काकीचा फोन, बंद? वयस्कर बाई, एकटी, ब्लडप्रेशरची गोळी चालू. मी तशीच उठून पळाले. दार आतून लावलेलं. दणादण वाजवलं. उत्तर नाही! मी ओरडले, तात्यांना हाक मारली. गल्ली गोळा झाली. कुणी मागच्या दाराला गेलं, कुणी पहार आणायला धावलं. तात्या आले, तर अंगात कोट! तो बघून मी रडायलाच लागले.

आणि दार उघडलं.

काकी! डोक्याला मेंदी थापलेली, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, गळ्यात जुना टॉवेल. तिनं जमलेल्या माणसांकडं पाहिलं, तात्यांच्या कोटाकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं.

“काय गं ही कटकट? जरा निवांत मेंदी लावीन म्हणलं. फोन बंद, दार बंद. तुज्या मॅडमचंच ऐकलं की! वेळेला कुंपण घातलंया मी.” आणि माझ्या हाताकडं बोट दाखवून म्हणाली, “आन् तू आलीस का माजा येळ खायला?”

मी खाली पाहिलं. धावताना सोललेल्या लसणाची वाटी तशीच हातात राहिली होती.